तोकड्याची शेपूट

ताई : ...गम उडत नाही, कुरळ्या. उडतात पक्षी. आणि तू उडवतोस ते विषय. बाटली अर्धी होती, आता तळ दिसतोय.

कुरळ्या : अगं, सलूनमधला आरसा निखळला होता. दोन थेंब नेले.

ताई : आरसा मी काल संध्याकाळीच पाहिला. अजून सुतळीवर लोंबतोय.

कुरळ्या : मग ह्या पिंजऱ्यात इतकी पाखरं आहेत, विचार त्यांना. मला एकट्यालाच का धरतेस?

ताई : कारण त्यांना झाकण फिरवता येत नाही. बरं, ते राहू दे. तिकडे बघ. वरच्या काठीवर, डावीकडून दुसरा. कोण तो?

कुरळ्या : पायात निळं कडं आहे ना? तोकड्या.

ताई : तोकड्या. ज्याची शेपूट तू स्वतः, ह्याच टेबलावर, कात्रीनं कापलीस. बोटभर ठेवलीस.

कुरळ्या : काय सफाई होती पण! पाखराला कळलंसुद्धा नाही.

ताई : मग आज ती हातभर कशी?

कुरळ्या : वाढली असेल. काहींचे केस पटकन वाढतात.

ताई : कुणाचे? तुझे?

कुरळ्या : आली टकलावर! सख्खी बहीण ना तू माझी?

ताई : सख्खी आहे म्हणून अजून शांत बसलेय. दुसरा कुणी मदतनीस असता तर त्याला मी त्या काठीवर नेऊन बसवला असता. सांग, आपण इथं काय करत होतो?

कुरळ्या : तोंडी परीक्षा घेतेस?

ताई : घेते. बोल.

कुरळ्या : ह्या जातीत नराला लांब शेपूट असते. उडायला अडचण, मांजराला पकडायला सोय. तरी सगळे मिरवतात. का, तर माद्यांना आवडते. आता माद्या खरंच शेपूटच बघतात की आणखी काही, ते तुला बघायचं होतं. म्हणून काहींच्या कापल्या. ते तुकडे दुसऱ्यांना जोडले, त्यांच्या लांब झाल्या. आणि काहींच्या कापून परत त्यांच्याच त्यांना चिकटवल्या. हे शेवटचं खूळ मला अजून पटलेलं नाही. सलूनमध्ये असं केलं तर गिऱ्हाईक खुर्ची घालेल डोक्यात.

ताई : नुसत्या कात्रीनं आणि गमनं पाखरू बिथरतं का, हे कळायला. दहादा सांगितलं. पुढे?

कुरळ्या : पुढे काय? बघायचं. कुणाकडे माद्या येतात, कुणाकडे नाही.

ताई : बघायचं. हात लावायचा नाही. हात स्थिर आहे म्हणून तुला बोलावलं मी. तो जागच्या जागी ठेवता येत नाही, हे ठाऊक नव्हतं.

कुरळ्या : मी चिकटवली.

ताई : काय?

कुरळ्या : शेपूट. तोकड्याला. तू जेवायला गेली होतीस. उरलेल्या तुकड्यांतली बरीशी निवडली आणि चिकटवली. टोकाला थोडा आकारही दिला. इतरांपेक्षा छान दिसतो की नाही, खरं सांग?

ताई : अरे देवा.

कुरळ्या : तू बघितलं नाहीस त्याला, ताई. बाकीचे नर गवतातून वर उडी मारायचे, शेपूट अशी कमानीसारखी वाकवायचे. हाही मारायचा. तेवढ्याच जोरात. मागे काही नाही आणि ह्याला त्याचा पत्ताच नाही. मग एकदा माझ्यासमोर जाळीला येऊन बसला आणि मान वळवून मागे बघत राहिला. मला नाही बघवलं. माझंच डोकं दिसलं मला त्याच्यात.

ताई : मागे नाही रे बघत होता. पंख साफ करत होता.

कुरळ्या : तुला काय कळणार! तुझी वेणी कमरेपर्यंत आहे.

ताई : केसानं गळा कापलास माझा.

कुरळ्या : केस असते तर कशाला ही वेळ आली असती?

ताई : हसू नकोस. मीही हसणार नाहीये. त्या बोटभर शेपटीच्या टोळीत तोकड्या एकटाच असा होता की ज्याचं घर आधीच वसलेलं होतं. कापायच्या आधीच एक मादी त्याच्याकडे घरटं करून बसली होती. बाकीचे सगळे सडेफटिंग. नवी मादी येते का, हे त्यांच्यावरून कळेल मला. पण आलेली राहते का? तिनं लांब शेपटीचा नवरा निवडला आणि एक दिवस उठून बघते तर शेपूटच नाही. मग काय करते ती? हे सांगणारा सगळ्या पिंजऱ्यात एकच नर होता. त्याला तू गोंडस करून ठेवलास.

कुरळ्या : राहिली होती ना पण? शेपूट मी परत लावेपर्यंत तरी?

ताई : आठवडाही झाला नव्हता. तेवढ्यात बाईमाणसाचं सामान बांधून होत नाही, पाखराचं काय? आता काही सांगता येत नाही.

कुरळ्या : काहीच?

ताई : एवढं तोंड का पाडलंस? शेपूट माझी बुडाली, तुझी नाही.

कुरळ्या : तसं नाही...

ताई : आणि एका शेपटीला इतका गम लागत नाही. चार थेंब पुरतात. बाकीचा?

कुरळ्या : सांडला.

ताई : कुरळ्या, ते धान्याचं भांडं उचलून दे बरं खालचं.

कुरळ्या : तू घे ना. माझी कंबर धरलीय.

ताई : सकाळपासून बघतेय, मान अशी ताठ धरून फिरतोयस जसं डोक्यावर दुधाचं पातेलं आहे. इकडे ये. ये म्हणते ना! बघू तो केसांचा टोप.

कुरळ्या : ताई, ओढू नको! आई गं!

ताई : तू माझ्या गमनं टोप चिकटवलास?

कुरळ्या : चिकटपट्टी सुटत होती गं. परवा जाळीखालून वाकून आत आलो तर पुढचा भाग असा सरकला की भुवयांवर केस आले. नेमकी ती तिथंच उभी.

ताई : ती म्हणजे आपली जाळीवाली?

कुरळ्या : आपली कसली? तुझ्या पिंजऱ्याची जाळी दुरुस्त करते म्हणून तुझी.

ताई : माझी असती तर तू रोज दुपारी सलून बंद करून इथं कोपऱ्यातल्या तारा मोजत बसला नसतास. बघितलं का तिनं?

कुरळ्या : नाही बहुतेक. ती वर शिडीवर होती, खिळे तोंडात. पण पुन्हा तसं झालं तर? म्हणून काल पक्कं केलं. आता वादळ आलं तरी हलणार नाही.

ताई : आणि तुला काढायचा असेल तर?

कुरळ्या : हा विचार नंतर आला.

ताई : शाबास. लहानपणी कुरळे केस होते म्हणून कुरळ्या नाव पडलं. केस गेले, नाव राहिलं, आणि डोक्यातलंही थोडं केसांबरोबरच गेलं वाटतं.

कुरळ्या : उडव, उडव टिंगल. तुझी हौस होऊ दे. पण आज मला मदत कर. आज ती येणारे, जाळीचा कोपरा शिवायला.

ताई : येऊ दे की. रोजच येते.

कुरळ्या : काल तिनं मला विचारलं.

ताई : काय विचारलं?

कुरळ्या : लग्नाचं.

ताई : तिनं? तुला?

कुरळ्या : तारेचा गुंडाळा खांद्यावर, हातात पक्कड. म्हणाली, रविवारी माझी आई येणारे. तुम्हाला माझ्याशी लग्न करायचं असेल तर भेटायला या. नसेल तर सांगा, म्हणजे मी उगाच भाजी जास्त आणणार नाही.

ताई : वा! आवडली मला. मग तू काय म्हणालास?

कुरळ्या : उद्या सांगतो म्हणालो.

ताई : उद्या सांगतो? अरे, दुधवाल्याला सांगतात उद्या सांगतो! चार महिने तिच्यामागे शिडी धरून उभा आहेस. तिनं ताट वाढून पुढे ठेवलं आणि तू म्हणतोस, भूक लागली की कळवतो?

कुरळ्या : हो म्हणायचं होतं गं मला! ओठांवर आलं होतं. पण तिनं विचारलं ते ह्याला, वरच्या केसवाल्याला. मला कुठे विचारलं? उद्या लग्न झालं, सकाळी उठली आणि उशीवर हे एकीकडे, मी एकीकडे. मग काय करेल ती? म्हणून मी रात्रभर ठरवत होतो की सकाळी तुला विचारायचं. शेपूट गेल्यावर ती राहते का? तुझ्या पाखरांचं काय म्हणणं आहे?

ताई : तू मला हे आज विचारतोस?

कुरळ्या : तुझाच तर अभ्यास आहे.

ताई : ते सांगायला तोकड्या होता, शहाण्या! त्यालाच तू शेपूट लावून बसलास! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

कुरळ्या : म्हणजे माझ्याच हातानं माझं उत्तर...

ताई : तूच चिकटवून टाकलंस. वर टोकाला आकारही दिलास.

कुरळ्या : हसतेस काय? माझा जीव चाललाय.

ताई : नाही हसत. बस जरा. पाणी पी. डोकं मागे टेकू नको, खुर्चीला चिकटशील.

कुरळ्या : बरं, पाखरं जाऊ दे. भावजींनी तुला काय दाखवलं होतं? काहीतरी मिरवलंच असेल ना?

ताई : स्कूटर. लाल. रोज कॉलेजच्या फाटकासमोर उभी करून रुमालानं पुसायचे. लग्नानंतर दोन वर्षांनी कळलं, मित्राची होती.

कुरळ्या : मग?

ताई : मग काय? स्कूटर गेली, मी राहिले.

कुरळ्या : बघ! झालं की उत्तर!

ताई : एका मादीवरून मी निष्कर्ष काढत नाही. शिवाय मी चिडले नव्हते असं कोण म्हणालं? महिनाभर बोलले नाही. आणि का बोलले नाही, ठाऊक आहे? स्कूटरसाठी नाही. मी मागे बसून वाऱ्यावर काय काय स्वप्नं सांगायचे त्यांना, आणि हा माणूस त्या वेळी पेट्रोलचा काटा बघत असायचा, मित्राला किती भरून द्यायचं म्हणून. मला सांगितलं असतं तर दोघं चालत गेलो असतो.

कुरळ्या : झाकली मूठ सव्वा लाखाची असते, ताई.

ताई : असते. पण झाकलेल्या मुठीनं कुणाचा हात धरता येत नाही. तुला हो म्हणायचंय ना?

कुरळ्या : हो.

ताई : मग टोप काढ आणि म्हण. नाही राहिली तर मी आहे, भावजी आहेत, रडायला पिंजऱ्यामागची जागा आहे. पण पाखरांना विचारू नकोस. मला ह्या प्रश्नाचं उत्तर देणारा आता एकच नर उरलाय, आणि तो माझ्या खुर्चीत बसलाय.

कुरळ्या : निघत नाहीये पण!

ताई : खेचू नको, कातडी येईल. थांब, पाणी कोमट करते. साबण कुठाय...

(पिंजऱ्याचं बाहेरचं दार करकरतं.)

जाळीवाली : मॅडम, कोपरा शिवायला आले. तार मोजूनच आणलीय.

ताई : या, या. एवढ्या उन्हात हातमोजे घालून आलात? कोपरापर्यंत?

जाळीवाली : असू दे. काम पटकन होतं.

ताई : रोज तर नसतात.

जाळीवाली : आज आहेत. नमस्कार. तुम्हीही आहात का? बरं झालं. उत्तर द्यायची घाई नाही. मीच सांगायला आले होते. कालचं सोडून द्या.

कुरळ्या : सोडून द्या म्हणजे?

जाळीवाली : मी विचारलं, तुम्ही उद्या म्हणालात. मी काही कुक्कुलं बाळ नाही. ज्याला हो म्हणायचं असतं तो उद्या म्हणत नाही.

कुरळ्या : अहो, नाही! तसं नाही!

जाळीवाली : मला वाईट वाटलेलं नाही. म्हणजे वाटलं. घरी जाऊन हात बघितले दिव्याखाली. वेल्डिंगच्या ठिणग्यांनी चट्टे पडलेत, मनगटापासून वर. तुमचे हात लोण्यासारखे. रोज साबणात, तेलात. म्हटलं, खरंच, कुणाला आवडणार? मी आपली शिडीवर चढून बाह्या वर करून हिंडत होते, इतके दिवस ध्यानातच आलं नाही.

कुरळ्या : ते हात बघायलाच तर मी येत होतो हो! ताई, सांग ना!

ताई : मी काही सांगणार नाही. माझ्या कामात हात घातलास, निस्तर आता तूच.

कुरळ्या : तुमच्यात काही नाही. खोट माझ्यात आहे. हे केस... हे माझे नाहीत.

जाळीवाली : कुणाचे आहेत?

कुरळ्या : विकत घेतलेत. मला टक्कल आहे. पार मागेपर्यंत. दुसऱ्यांचे केस कापतो आणि स्वतःला नाहीत, लोक हसायचे, म्हणून लावायला लागलो. मग तुम्ही आलात आणि काढायची हिंमतच होईना. काल तुम्ही विचारलंत तेव्हा मला ओरडून हो म्हणायचं होतं. पण भीती वाटली. बस. एवढंच. हातांचा विचार माझ्या स्वप्नातही नव्हता.

जाळीवाली : काढा बघू.

कुरळ्या : तेच तर. निघत नाही. ताईच्या गमनं चिकटवलाय.

जाळीवाली : शेपटीच्या?

कुरळ्या : शेपटीच्या.

जाळीवाली : मॅडम, तुम्ही हसताय.

ताई : मी पाणी आणतेय.

जाळीवाली : ओढू नका असे! चिकटलेलं ओढायचं नसतं, भिजवायचं असतं. सरका. बसा इथं. हे हातमोजे धरा माझे.

कुरळ्या : तुम्ही करणार?

जाळीवाली : मग काय, पाखरं करतील? डोळे मिटा, साबण जाईल. काल रात्री मला झोप नाही, आणि तू तिकडे गम लावत बसला होतास?

कुरळ्या : गम आधीच लावला होता. रात्री मलाही झोप नव्हती.

जाळीवाली : चूप. तोंडात साबण जाईल. एवढं शेजारी उभं राहून बोललास, माझ्या आईचे गुडघे, माझ्या गाडीचं चाक, सगळं तुला ठाऊक. आणि डोक्यावर काय आहे ते मला ठाऊक नाही. मला राग आलाय. कळतंय का?

कुरळ्या : कळतंय.

जाळीवाली : टकलाचा नाही. मला तू दिव्याखाली बसवलंस त्याचा.

कुरळ्या : चुकलं माझं. खरंच चुकलं. आता हो म्हणू का?

जाळीवाली : आता? मी ज्याला विचारलं त्याला केस होते. ह्या माणसाला मी अजून बघितलेलंच नाही. थांब, एक बाजू सुटली. ही दुसरी. आला. मॅडम, धरा हा.

ताई : अगदी पाखराच्या पिल्लासारखा दिसतोय.

कुरळ्या : ताई!

जाळीवाली : उजेडात ये. इकडे. तोंड वर कर. हं. आता वळ.

कुरळ्या : ...काय?

जाळीवाली : काही नाही. बघतेय. गरम व्हायचं नाही त्याच्यात?

कुरळ्या : व्हायचं. खाजही यायची.

जाळीवाली : आणि हे मागचे, कानामागचे. हे तरी तुझे आहेत ना?

कुरळ्या : तेवढेच उरलेत.

जाळीवाली : कोण कापतं?

कुरळ्या : मीच. दोन आरसे धरून.

जाळीवाली : एका बाजूला वर गेलेत, एका बाजूला पार कॉलरखाली. इतक्या लोकांची डोकी नीट करतोस आणि स्वतःचं हे असं?

कुरळ्या : मागचं कुणाला दिसतंय म्हणून...

जाळीवाली : मला दिसतंय. मॅडम, ती कात्री द्या जरा. शिडीवर सरळ रेघ मारता येते मला, इथंही येईल.

कुरळ्या : तुम्ही... तू माझे केस कापणार?

जाळीवाली : रविवारी आईसमोर असा नेणार नाही मी तुला. मान खाली घाल.